एक्क्याण्णव ठोकळे

"पेटी भरली की निघतो," असं म्हणून बाबा पुन्हा आपल्या बाकावर जाऊन बसले.

मी कपाळावर हात मारून घेतला. रविवारी टेम्पो यायचा होता. जागेच्या मालकाला किल्ली द्यायची होती. माझ्या घरी मी त्यांच्यासाठी खिडकीजवळची खोली झाडून-पुसून ठेवली होती, आणि हे महाशय रिकाम्या वर्कशॉपमध्ये ठाण मांडून बसलेले. दोन्ही गुडघे गेलेत, कानाला ऐकू येतं ते सोयीपुरतं, पण हट्ट मात्र अजून शाबूत.

वर्कशॉप म्हणजे वर पत्रा आणि एका बाजूला उंच खिडक्या असलेली लांबट खोली. इथे बाबांनी आयुष्यभर लाकडी पॅटर्न केले. फाउंड्रीत जो भाग लोखंडात ओतायचा असतो, तो आधी लाकडात हुबेहूब घडवायचा, तो पॅटर्न. तो वाळूत दाबायचा, अलगद काढायचा आणि मागे राहिलेल्या खड्ड्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. पंपाचं कवच असो नाहीतर यंत्राचा पाय, बाबांचं सगळं काम शेवटी एका रिकाम्या जागेसाठी असायचं. आता यंत्रं विकली गेली होती, फळ्या गेल्या होत्या. बाक उरला होता, बाबा उरले होते आणि ही पेटी.

पेटी नवीकोरी होती. गेले कित्येक आठवडे मी रोज फोनवर "आवरलं का?" विचारत होते आणि ते "आवरतोय" म्हणत होते, तेव्हा ते आवरत नव्हतेच, पेटी करत होते. लांबी, रुंदी, उंची सगळं सारखं. कोपऱ्यांचे सांधे असे की नख जाणार नाही.

"आणि भरायची कशानं?" मी विचारलं.

त्यांनी बाकाखालून पायानेच एक गोणपाटाची पिशवी पुढे सरकवली. आमचे लहानपणचे ठोकळे होते त्यात. "यांनी. आत बोट जाईल एवढीही जागा राहता कामा नये."

"आणि नाही भरली तर?"

बाबांना ते ऐकू आलं नाही.

मी बारक्याला फोन करून बोलावून घेतलं. बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतो, आणि उरलेल्या वेळात वर्तमानपत्रातली आकड्यांची कोडी सोडवतो. मी शिवणकाम करते. आम्ही तिघं पाठोपाठची भावंडं: थोरली ताई, मग मी, मग हा. मला घरात आजही मधलीच म्हणतात. आमच्यापैकी लाकडाचा हात एकट्या ताईला होता. ती याच खोलीत बाबांच्या शेजारी उभी राहून काम शिकली आणि एक दिवस याच खोलीतून भांडून निघून गेली. आता दुसऱ्या शहरात नाटकांचे सेट बांधते. आमच्याशी फोनवर बोलते, हसते, पण बाबांचा विषय निघाला की "बरं, ठेवते" म्हणते. बाबाही तसेच. दोघांत छत्तीसचा आकडा, आणि मधल्या मधे आम्ही. आई आजारी असताना ताई आली होती, तीसुद्धा बाबा कामावर असायचे तेवढ्या वेळेपुरती. आई गेल्यावर तर मला ताईची फार उणीव भासायची. घरातलं एक माणूस असून नसल्यासारखं झालं होतं आणि त्याची सवयही होत नव्हती.

बारक्या आला. पेटीभोवती एक फेरी मारली, आत हात घालून कडा चाचपल्या आणि खूश झाला. "भारी केलीय हो बाबा!"

"कौतुक नको करूस, भर," मी म्हणाले.

आम्ही भरायला बसलो. तळाला एका ओळीत बरोब्बर सहा ठोकळे बसले, ना सैल ना घट्ट. सहा ओळी झाल्या, तळ संपला. त्यावर दुसरा थर. तिसरा थर अर्ध्यावर आला आणि पिशवी संपली. पेटी निम्मीसुद्धा भरली नव्हती.

"बाबा, ठोकळे संपले."

"मोजा."

बारक्याने मोजले. एक्क्याण्णव.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "शंभर होते, नऊ हरवले."

हे आमच्या घरातलं जुनं प्रकरण. आईची पक्की समजूत होती की ठोकळे शंभर होते. कपाटाखाली झाडू घालताना ती म्हणायची, "बघ गं, नवातला एखादा सापडतोय का." संशय बहुतेक वेळा बारक्यावर असायचा, कारण लहानपणी तो हाताला लागेल ते तोंडात घालायचा. त्या नऊ ठोकळ्यांपायी त्याने खूप बोलणी खाल्ली.

"शंभर कधीच नव्हते," बाबा म्हणाले. "एकही हरवलेला नाही."

बारक्या ताडकन उभा राहिला. "म्हणजे? आई मला जन्मभर बोलत राहिली, आणि तुम्हाला माहीत होतं? तिला सांगितलं का नाहीत?"

"तिनं कधी विचारलं नाही. ती सांगायची."

मी रिकामी पिशवी उलटी करून झटकली.

"पण मग एक्क्याण्णव का?" बारक्याने डोकं खाजवलं. "खेळण्याचे ठोकळे कोणी एक्क्याण्णव करतं का? पन्नास करेल, शंभर करेल, फार तर बारा डझन. एक्क्याण्णव हा काय आकडा आहे?"

बाबांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. त्यांच्या तोंडाचा एक कोपरा मात्र वर गेला होता. लहानपणी आम्ही कोड्यात अडकलो की तो असाच जायचा.

झालं, बारक्याला तेवढंच पुरे होतं. त्याने ठोकळे जमिनीवर ओतले आणि मांडायला बसला. दोन-दोन लावले, एक उरला. तीन-तीन लावले, एक उरला. पाच-पाच, तरी एक उरलाच. "ही मूळ संख्या आहे," त्याने जाहीर केलं. "हिला कशानेच भाग जात नाही. बाबांवर गेलीय."

मी उभ्या उभ्याच म्हणाले, "सातनं बघितलंस?"

"सातनं काय होणार आहे?"

मी खाली बसले. झग्याला चुण्या घालताना मी सात-सातचे गट करते, हाताला ती सवय आहे. सात ठोकळ्यांची ओळ, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. तेरा ओळी झाल्या आणि हात रिकामे झाले. एकही उरला नाही. तेरा साती एक्क्याण्णव. शाळेत घोकलेलं, पण समोर आकडा आल्यावर दोघांनाही ओळखू आलं नाही. दिसायला कशी अगदी ताठ, कोणाला भाग देऊ देणार नाही अशी, आणि आत सरळ तेरा ओळी.

"आता हे बघ," म्हणत बारक्याने सगळं मोडलं. वर एक ठोकळा, त्याखाली दोन, त्याखाली तीन. मला वाटलं, मध्येच कुठेतरी अडणार. तेराची ओळ पुरी झाली आणि पुन्हा काहीच उरलं नाही. खोलीच्या मधोमध स्वच्छ त्रिकोण.

"योगायोग," मी म्हणाले.

"थांब." त्याने त्रिकोणही मोडला. खाली सहा बाय सहाचा चौरस, त्यावर पाच बाय पाचचा, मग चारचा, तीनचा, दोनचा, आणि टोकावर एक. पायऱ्यांचा मनोरा. हातात एकही ठोकळा शिल्लक नाही. आता मात्र आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. एक सरळ चौकट झाली, एक त्रिकोण झाला, एक मनोरा झाला, आणि प्रत्येक वेळी अगदी काटेकोर. इतका भलताच आकडा, आणि याला जागोजागी बसायला बरं जमतं!

"हे बाबांनी मुद्दाम केलं असणार," बारक्या कुजबुजला.

"नाही केलं," सोयीचे कान म्हणाले. "मनोरा मला माहीतच नव्हता. चांगला झालाय."

त्या दिवशी पेटी तशीच राहिली. मी चिडचिड करत घरी गेले, पण खरं सांगते, डोक्यातून एक्क्याण्णव जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्यावर मी कोटाच्या बटणांचा डबा काढला. बटणं गोल, त्यामुळे ती वेगळी बसतात. मधोमध एक ठेवलं, त्याला चिकटून भोवती सहा बसली. त्यांच्याभोवती बारा, मग अठरा, मग चोवीस, मग तीस. षटकोनी फूल झालं टेबलभर. मोजलं आणि अंगावर काटा आला. एक्क्याण्णव! तेवढ्यात कोट न्यायला आलेली बाई समोर उभी.

"माझा कोट झाला का हो?"

"झाला. बटणं तेवढी राहिलीत."

तिने टेबलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि उद्या येते म्हणून निघून गेली.

संध्याकाळी वर्कशॉपमध्ये पोचले तेव्हा बारक्या आधीच येऊन बसला होता. मी बटणांचं सांगितल्यावर तो टाळी वाजवून नाचायचाच बाकी राहिला. बाबांनी मात्र काठी आपटली. "एक्क्याण्णवाचे लाड पुरे झाले. मी पेटी भरायला सांगितली होती."

"ती भरत नाही, बाबा!" माझा आवाज चढला. "कापड अपुरं असलं तर मी काय कोट शिवणार? एवढ्यात पेटी भरत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. रविवारी माणसं दारात उभी राहतील, आणि तुम्ही आमच्याशी खेळ खेळताय!"

"कापड अपुरं असलं तर काय करतेस?"

"काय करणार? जुन्याच कोटाला आतून अस्तर तेवढं लावून देते."

"मग लाव."

मी रागारागाने ठोकळे उचलले. तळाला छत्तीस लावले. मग मागच्या भिंतीला टेकवून तळापासून वरपर्यंत एकेरी थर उभा केला, त्याला तीस लागले. मग डावी भिंत. तिथे पंचवीस बसले. उजव्या भिंतीसाठी पिशवीत हात घातला तर पिशवी रिकामी. डावी भिंत नेमकी पूर्ण झाली होती. कोपऱ्यातला वरचा ठोकळाही जागच्या जागी.

बारक्या पुढे वाकला. मीही वाकले. पेटीच्या तीन बाजूंना अस्तर लागलं होतं आणि आत एक पोकळी उरली होती. वेडीवाकडी नव्हे. चौकोनी, सगळ्या बाजू सारख्या, अशी की कोणीतरी तिथून काहीतरी अलगद काढून नेलंय.

"पाच," बारक्या म्हणाला. बोटाने मोजत गेला. "इकडून पाच, तिकडून पाच, खाली पाच. पाच पाचा पंचवीस, पंचवीस पाचा सव्वाशे. पेटीत मावतात दोनशे सोळा. एक्क्याण्णव गेले, राहिले सव्वाशे. आणि ते असे सुटे-सुटे नाही राहिले गं मधली, एक अख्खा ठोकळ्यांचा ठोकळा राहिलाय. सहाच्या पेटीत पाचाचा खड्डा."

मी त्या पोकळीकडे बघत राहिले, आणि मला पत्र्याचा एक डबा आठवला. हिरवा, झाकण घट्ट बसणारा. ताईचा डबा. त्याला आम्ही हात लावायचा नाही, असा तिचा नियम होता. हात लावला की ती चिमटे काढायची. त्यात खुळखुळ वाजायचं, ते ठोकळेच होते. घर सोडताना तिने बाबांची एक पटाशीसुद्धा घेतली नव्हती, पण तो डबा नेला होता.

"बाबा," मी म्हणाले, "हा खड्डा ताईचा आहे?"

बाबांनी होकारार्थी मान हलवली. मग बराच वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले.

"त्या वर्षी ती पाचाची होती," शेवटी ते बोलले. "तू चाराची, हा तिनाचा. मी म्हटलं, ज्याचं जेवढं वय तेवढ्या बाजूचा ठोकळा. हिला पाच बाय पाच बाय पाच, तुला चारचा, याला तीनचा. तिघांचे करून झाले तेव्हा सहज सगळे एकत्र रचले. सहाचा झाला. एक उरला नाही, एक कमी पडला नाही. मीच बघत बसलो. असं होईल हे मला काय माहीत?"

बारक्याने अस्तराचे ठोकळे झरझर बाहेर काढले आणि जमिनीवर दोन ठोकळे रचले. चारचा एक, त्यात चौसष्ट. तीनचा एक, त्यात सत्तावीस. एक्क्याण्णव संपले. चौकट झाली, त्रिकोण झाला, मनोरा झाला, आणि खरं उत्तर इतकं साधं होतं. एक्क्याण्णव म्हणजे मी आणि बारक्या. एका पिशवीत पडून पडून आमचे एकमेकांत मिसळून गेले होते. ताईचे तेवढे वेगळे राहिले.

"पुढच्या वर्षी पण जमलं असतं?" बारक्याने विचारलं आणि स्वतःच पुटपुटायला लागला. "चार, पाच, सहा. चौसष्ट, सव्वाशे, दोनशे सोळा, चारशे पाच. सातचा होतो तीनशे त्रेचाळीस, आठचा पाचशे बारा. छे."

"नाही जमत," बाबा म्हणाले. "पुढच्या वर्षी मी करून बघितलं होतं. ते एकाच वर्षी झालं."

मला गलबलून आलं, आणि रागही आला. मला दोन्ही एकदम येतात. "आणि हे तुम्हाला आत्ता आठवलं? इतकी वर्षं काय करत होतात?"

त्यांनी बाकाच्या खणातून दोन पट्ट्या काढल्या आणि शेजारी-शेजारी ठेवल्या. पितळी, दोन-दोन फुटांच्या. एका पट्टीच्या टोकाला लाल रंग होता, दुसरीला नव्हता.

या पट्ट्यांचं सांगायला हवं, कारण सगळं भांडण त्यांच्यावरूनच झालं. लोखंड थंड होताना आकसतं, जसं सुती कापड धुतल्यावर आटतं. मी कापड आधी भिजवून मगच बेतते. पॅटर्नवाले काय करतात, तर त्यांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा केसभर मोठा. तिने मोजून केलेला पॅटर्न तेवढाच मोठा होतो, आणि ओतलेला भाग थंड होऊन बरोबर मापावर येतो. साधी पट्टी आणि ही पट्टी नुसत्या डोळ्यांना एकसारख्याच दिसतात. म्हणून वर्कशॉपमध्ये मोठ्या इंचाच्या पट्टीला लाल रंग.

ताईने केलेला एक मोठा पॅटर्न फाउंड्रीत ओतला गेला आणि भाग लहान आला. बाबांनी फाउंड्रीवाल्यासमोर तिला विचारलं, कोणती पट्टी घेतलीस? ती म्हणाली, लाल. बाबा म्हणाले, लाल घेतली असतीस तर हे झालं असतं का? एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण ते सगळ्यांदेखत म्हणाले, हाताला माप नाही ते एक वेळ चालेल, जिभेला तरी असू दे. ताईने पट्टी खिळ्याला अडकवली आणि निघून गेली. बाबांची स्वतःची मोठ्या इंचाची पट्टी वेगळी, बिनरंगाची, बाकाच्या खणात असायची, त्यामुळे त्या खिळ्यावरच्या पट्टीला त्यानंतर कोणीच हात लावला नाही.

"आवरताना खाली काढली," बाबा म्हणाले. "आणि माझ्या पट्टीशेजारी ठेवली. बघा."

मी दोन्ही पट्ट्यांची एका बाजूची टोकं जुळवली. दुसरी टोकं जुळेनात. दोन फुटांत पाव इंचाचा फरक होता. आणि लाल रंगाची पट्टीच तोकडी होती.

"रंग उडाला होता म्हणून मी पुन्हा लावला होता, त्या वर्षी. साधी आणि मोठी, दोन्ही पुसायला काढल्या होत्या आणि..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "ती खरं बोलत होती."

बाहेर कोणाची तरी सायकल खडखडत गेली.

"अहो, मग फोन करायचा!" माझा बांध फुटला. "आम्हाला ठोकळे मांडायला बसवलंत, पेटी केलीत, त्यापेक्षा एक फोन करायचा होता!"

"काय बोलायचं फोनवर? मला ते जमत नाही. पेटी जमते." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही विचाराल, मग मी सांगेन, असं वाटलं होतं. तुम्ही मनोरे बांधत बसलात."

मी तिथेच ताईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"ताई, तुझा तो हिरवा डबा आहे का गं अजून?"

"आहे. का?"

"त्यात ठोकळे किती आहेत?"

"सव्वाशे. तुम्हाला आत्ता कसली हुक्की आली मोजण्याची? आईचे नऊ सापडले का?"

"ते कधी नव्हतेच!" बारक्या मागून ओरडला.

"ताई, बाबा इथून हलत नाहीयेत. त्यांनी एक पेटी केलीय. ती तुझ्या ठोकळ्यांशिवाय भरत नाही आणि ती भरल्याशिवाय ते..."

"बरं, ठेवते," ताई म्हणाली.

मी बाबांकडे बघितलं. त्यांचा चेहरा इतका पडला होता की माझ्याच्याने बघवेना. मग ते घाईघाईने पुढे झुकले, इतके की काठी पडली, आणि फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं मोठ्याने म्हणाले, "लाल पट्टी तोकडी आहे. रंग मीच लावला होता."

फोन अजून बंद झाला नव्हता. नंतर तो बंद झाला.

रविवारी सकाळी टेम्पो आला. बाक चढवायला माणसं आत आली, बाबांना बसलेलं बघून बाहेर जाऊन उभी राहिली. मी त्यांना थांबा म्हणाले, मग परत थांबा म्हणाले. बारक्याने आमचे एक्क्याण्णव ठोकळे पुन्हा अस्तरासारखे पेटीत लावून ठेवले होते. मला वाटत होतं, ती काही येत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही आले नसते.

दुपार कलल्यावर दारात ताई दिसली. केस पुष्कळ पांढरे झालेले, शर्टाच्या बाहीला रंगाचे डाग, बगलेत हिरवा डबा. तिने आधी खोलीभर नजर फिरवली. रिकामा खिळा पाहिला. मग बाकापर्यंत आली.

बाबांनी दोन्ही पट्ट्या तिच्यासमोर ठेवल्या. तिने आम्हाला विचारलं नाही, त्यांनाही नाही. टोकं जुळवली, दुसऱ्या टोकावरून अंगठा फिरवला.

"माप तुझं बरोबर होतं," बाबा म्हणाले. "आणि तू खरं बोलत होतीस. मी सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून आज यांच्यासमोर सांगतो."

ताईने पट्ट्या खाली ठेवल्या. खाली बसून डबा उघडला आणि ठोकळे पेटीतल्या पोकळीत लावायला लागली. आम्ही तिघं नुसते बघत होतो. तिचा हात बाबांसारखाच चालतो, ठोकळा एकदा ठेवला की पुन्हा हलवायचा नाही. एक थर, दुसरा, तिसरा, चौथा. खड्डा भरत वर आला. पाचव्या थराची शेवटची ओळ. आणि डबा रिकामा झाला.

अगदी वरच्या कोपऱ्यात एका ठोकळ्याची जागा तशीच राहिली होती.

"एक?" बाबा म्हणाले.

"एक माझ्या बाकाच्या पायाखाली आहे," ताई म्हणाली. "कामाच्या बाकाच्या. फरशी उंचसखल आहे तिथली. तो काढला की बाक डुगडुगतो."

"फोनवर सव्वाशे म्हणालीस."

"सव्वाशेच आहेत. एक कामाला लागलाय." तिने मान वर केली. डोळे भरले होते, पण बोलणं मात्र पहिल्यासारखंच तिरकं. "हवा असेल तर स्वतः येऊन काढा. आणि बाकाला दुसरा पाय करून द्या."

बारक्या वाकून मोजायला लागला होता. "म्हणजे दोनशे पंधरा. दोनशे पंधरा म्हणजे पाच गुणिले..."

"गप रे," मी म्हणाले.

बाबांनी त्या एका रिकाम्या जागेत बोट घातलं. बोट सहज आत गेलं. त्यांनी ते तिथेच थोडा वेळ ठेवलं, मग काढलं आणि पेटीवर झाकण बसवलं.

"किती लांब आहे तुझं?" त्यांनी ताईला विचारलं आणि उठायला हात पुढे केला.